ग्लायकोपेप्टाइड प्रतिजैविके : कार्यपद्धती, उपयोग आणि आपली जबाबदारी

प्रास्ताविक

रावेत, पुनावळे, किवळे या पवनाकाठच्या पट्ट्यात नव्या वसाहती उभ्या राहिल्या आणि चाकण, तळेगाव, भोसरी येथील कारखान्यांत काम करणारी अनेक कुटुंबे येथे स्थायिक झाली. या कुटुंबांपैकी अनेकांचा वैद्यकीय बाबतीतला पहिला आधार म्हणजे जवळचा आयुर्वेद पदवीधर वैद्य होय. यंत्रात सापडलेले बोट, मधुमेह्याच्या मानेवर आलेली काळपुळी, पायाला झालेला व न भरणारा व्रण, असे रुग्ण प्रथम आपल्यासमोर येतात. पुढे रुग्णालयात दाखल होतात आणि तेथून सुटल्यावर पुन्हा आपल्याकडेच येतात. अशा वेळी हातात रुग्णालयाचे सुटीपत्र आणि इंजेक्शनच्या कुप्या असतात, आणि प्रश्न असतो, "डॉक्टर, उरलेली इंजेक्शने तुमच्याकडेच घेतली तर चालतील का?"

या कुप्या कधी कधी वॅन्कोमायसिनच्या किंवा टिकोप्लॅनिनच्या असतात. शिवाय आपले अनेक वैद्यबंधू व भगिनी खासगी रुग्णालयांत निवासी वैद्यकीय अधिकारी म्हणून रात्रपाळी करतात. तेथे हेच औषध सलाईनमधून त्यांच्या देखरेखीखाली दिले जाते. औषध लिहिणारे तज्ज्ञ वेगळे असले, तरी औषध देण्याची व रुग्णावर लक्ष ठेवण्याची जबाबदारी त्या वेळी आपली असते. म्हणून या अंकात आम्ही ग्लायकोपेप्टाइड या प्रतिजैविकांच्या गटाचा परिचय करून देत आहोत. या गटाच्या वापराचे बहुतेक सर्व नियम त्याच्या रेणूच्या आकारातून व कार्यपद्धतीतून निघतात. ती कार्यपद्धती नीट समजली, की नियम पाठ करावे लागत नाहीत.

मातीतून लाभलेली औषधे

पिंपरीच्या वैद्यांना प्रतिजैविकांचे नाते मातीशी आहे हे सांगावयास नको. १९५४ मध्ये जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साहाय्याने पिंपरी येथे हिंदुस्तान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी तेथे पेनिसिलिनचे उत्पादन सुरू झाले. याच संस्थेच्या प्रयोगशाळेत डॉ. थिरुमलाचार व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६१ मध्ये हॅमायसिन हे बुरशीनाशक प्रसिद्ध केले. ज्या मृत्तिकाजन्य जीवाणूपासून ते मिळाले, त्याला त्यांनी आपल्या गावाच्या नावावरून स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना असे नाव दिले.

ग्लायकोपेप्टाइड औषधेही हॅमायसिनप्रमाणेच मातीतील तंतुमय जीवाणूंपासून मिळाली. वॅन्कोमायसिनचा उगम बोर्निओच्या जंगलातील मातीत आहे. १९५० च्या दशकाच्या आरंभी एका धर्मोपदेशकाने ती माती अमेरिकेतील एली लिली या कंपनीत काम करणाऱ्या आपल्या मित्राकडे पाठविली. तीतील जीवाणूपासून मिळालेले हे औषध १९५८ मध्ये अमेरिकेत मान्यता पावले. आरंभीचे औषध पुरेसे शुद्ध नव्हते व त्याचा रंग तपकिरी होता. त्यामुळे त्याला थट्टेने 'मिसिसिपीचा चिखल' म्हणत. या गटातील दुसरे औषध टिकोप्लॅनिन. त्याचा उगम आपल्या अधिक परिचयाचा आहे. मराठी भाषकांची मोठी वस्ती असलेल्या इंदूरजवळील निमोडी गावच्या मातीच्या नमुन्यातून ॲक्टिनोप्लेनिस टायकोमायसेटिकस हा जीवाणू वेगळा करण्यात आला आणि मिलान येथील लेपेटिट कंपनीच्या संशोधकांनी १९७८ मध्ये त्यापासून मिळालेल्या प्रतिजैविकाची माहिती प्रसिद्ध केली.

कार्यपद्धती

जीवाणूच्या शरीराभोवती एक कठीण भित्तिका असते. मानवी पेशींना अशी भित्तिका नसते. म्हणून या भित्तिकेवर आघात करणारे औषध जीवाणूला मारते व रुग्णाच्या पेशींना त्या मानाने कमी त्रास देते.

ही भित्तिका पेप्टिडोग्लायकॅन या द्रव्याची असते. दोन प्रकारच्या शर्करा एकाआड एक जोडून तिच्या लांब माळा तयार होतात. यांतील एका शर्करेला पाच अमिनो आम्लांची लहान शेपटी असते. शेपटीच्या टोकाची शेवटची दोन अमिनो आम्ले सारखीच असतात : डी-ॲलॅनिन व डी-ॲलॅनिन. हे घटक जीवाणूच्या आत तयार होऊन बाहेर येतात, माळेत ओवले जातात, आणि मग एका माळेची शेपटी शेजारच्या माळेच्या शेपटीला जोडली जाते. ही आडवी जोड करताना टोकाचे एक डी-ॲलॅनिन गळून पडते. या आडव्या जोडांमुळेच भित्तिकेला बळकटी येते.

घराच्या बांधकामाची उपमा घेतली तर शर्करेचा घटक ही वीट आणि जोड करणारे विकर हा गवंडी होय. पेनिसिलिन व सेफॅलोस्पोरिन गटातील औषधे गवंड्याचे हात बांधतात. ग्लायकोपेप्टाइड औषधे गवंड्याला हात लावीत नाहीत. ती विटेलाच चिकटतात. वॅन्कोमायसिनचा रेणू वाटीसारखा असतो. त्या वाटीत डी-ॲलॅनिन–डी-ॲलॅनिन हे टोक नेमके बसते व पाच हायड्रोजन बंधांनी धरून ठेवले जाते. एवढा मोठा रेणू विटेवर बसल्यावर ती वीट माळेत ओवता येत नाही व तिची आडवी जोडही होत नाही. भित्तिका दुर्बल होते आणि जीवाणू नष्ट होतो.

या वर्णनातून पुढील चार गोष्टी आपोआप स्पष्ट होतात.

१) स्टॅफिलोकॉकस ऑरियस या जीवाणूच्या मेथिसिलिनरोधी जातीने, म्हणजेच एमआरएसएने, आपला गवंडी बदललेला असतो. नव्या गवंड्यावर पेनिसिलिन गटाचा परिणाम होत नाही. परंतु वीट जुनीच राहते, म्हणून ग्लायकोपेप्टाइड औषधे तेथे चालतात.

२) ई. कोलाय, क्लेब्सिएला, स्युडोमोनास अशा ग्रॅम-ऋण जीवाणूंच्या भित्तिकेबाहेर आणखी एक पटल असते. सुमारे १४५० डाल्टन वजनाचा वॅन्कोमायसिनचा रेणू त्या पटलातून आत जाऊ शकत नाही. म्हणून नेहमीच्या मूत्रमार्गाच्या किंवा पोटाच्या ग्रॅम-ऋण संसर्गात या औषधाचा उपयोग नाही.

३) इतका मोठा रेणू आतड्यातून रक्तात शोषला जात नाही. रक्तातील वा अस्थीतील संसर्गासाठी हे औषध तोंडावाटे देणे निरर्थक होय.

४) औषध नव्या विटांवरच काम करीत असल्याने त्याचा जीवाणूनाश मंद असतो. ज्या स्टॅफिलोकॉकसवर क्लॉक्सॅसिलिन किंवा सेफॅझोलिन चालते, त्यावर वॅन्कोमायसिन ही त्याहून दुबळी निवड ठरते. 'भारी इंजेक्शन' म्हणजे अधिक गुणकारी इंजेक्शन, हा रुग्णांचा व कधी वैद्यांचाही समज येथे घातक ठरतो.

चिकित्सेतील उपयोग

मुख्य उपयोग पुढीलप्रमाणे आहेत.

- एमआरएसएमुळे झालेला रक्तसंसर्ग, हृदयाच्या झडपांचा दाह, फुप्फुसदाह, अस्थी व संधींचा संसर्ग, तसेच त्वचा व मांसधातूतील गंभीर संसर्ग.
- कृत्रिम सांधा, कृत्रिम झडप किंवा शिरेतील दीर्घकालीन नळी यांवर बसलेला रोधी स्टॅफिलोकॉकसचा संसर्ग.
- जीवाणुजन्य मस्तिष्कावरणदाहात, रोधी न्यूमोकॉकसची शक्यता असता, सेफ्ट्रायाक्सोनच्या जोडीला.
- ग्रॅम-धन जीवाणूंचा गंभीर संसर्ग असून रुग्णाला पेनिसिलिनची खरी व तीव्र ॲलर्जी असेल तेव्हा.
- प्रतिजैविकांच्या वापरानंतर क्लॉस्ट्रिडिऑइड्स डिफिसिल या जीवाणूमुळे होणारा अतिसार. येथे मात्र औषध तोंडावाटेच द्यावयाचे असते, कारण ते शोषले न जाता आतड्यातच राहावे हा हेतू असतो. नेहमीची मात्रा १२५ मि.ग्रॅ. दिवसातून चार वेळा, दहा दिवस. या विकारात शिरेवाटे दिलेले वॅन्कोमायसिन उपयोगी पडत नाही.

भारतातील पंधरा मोठ्या रुग्णालयांच्या २००८ व २००९ या वर्षांच्या संयुक्त पाहणीत स्टॅफिलोकॉकस ऑरियसच्या नमुन्यांपैकी सुमारे ४० टक्के नमुने मेथिसिलिनरोधी आढळले होते. त्या सर्वांवर वॅन्कोमायसिन परिणामकारक होते. रोध इतका पसरलेला असताना जे औषध अजून चालते, ते जपून वापरणे का आवश्यक आहे हे यावरून ध्यानी यावे. जागतिक आरोग्य संघटनेने प्रतिजैविकांचे जे वर्गीकरण केले आहे, त्यात वॅन्कोमायसिन व टिकोप्लॅनिन ही दोन्ही औषधे देखरेखीखाली वापरावयाच्या गटात आहेत.

मात्रा व देण्याची रीत

वॅन्कोमायसिनची प्रौढांसाठी नेहमीची मात्रा शरीराच्या दर किलो वजनास १५ ते २० मि.ग्रॅ., दर ८ ते १२ तासांनी अशी असते. अत्यवस्थ रुग्णात पहिली मात्रा किलोस २० ते ३५ मि.ग्रॅ. देतात. हे औषध जवळजवळ संपूर्णपणे वृक्कांवाटे बाहेर पडते, म्हणून वृक्कविकारात मात्रा व कालांतर दोन्ही बदलावे लागतात.

औषध देताना पुढील गोष्टी कटाक्षाने पाळाव्यात.

१) औषध केवळ शिरेवाटे, पातळ करून द्यावे. एका मि.ली.मध्ये ५ मि.ग्रॅ.पेक्षा अधिक तीव्रता नसावी. म्हणजे १ ग्रॅम औषधास किमान २०० मि.ली. द्राव हवा. स्नायूत टोचल्यास तेथील मांस नासते.

२) वेग मिनिटाला १० मि.ग्रॅ.पेक्षा अधिक नसावा आणि कोणतीही मात्रा एका तासाच्या आत संपवू नये. १ ग्रॅमसाठी सुमारे १०० मिनिटे लागतात. वेग वाढविल्यास शरीरात हिस्टामिन मोकळे होते. चेहरा, मान व छाती लाल होते, कंड सुटते, कधी रक्तदाब घसरतो. ही प्रतिक्रिया बहुधा वेगाची असते, ॲलर्जीची नव्हे. सलाईन थांबवावे, रक्तदाब पाहावा, हिस्टामिनविरोधी औषध द्यावे व तज्ज्ञांना कळवावे. लक्षणे शमल्यावर त्यांच्या सल्ल्याने पुन्हा अधिक मंद वेगाने औषध सुरू करता येते. मात्र श्वास लागणे, घशास सूज, अंगभर गांधी उठणे ही लक्षणे असल्यास ती खरी ॲलर्जी समजून ॲड्रिनॅलिनसह तातडीचे उपचार करावेत.

३) वृक्कांवर लक्ष ठेवावे. रक्तातील क्रिएटिनिन रुग्णालयातील अस्थिर रुग्णात रोज, स्थिर रुग्णात आठवड्यातून किमान एकदा पाहावे. जेन्टामायसिन, अमिकॅसिन किंवा पायपरॅसिलिन-टॅझोबॅक्टम सोबत असल्यास वृक्कांना धोका वाढतो. पूर्वी पुढील मात्रेआधीच्या रक्तपातळीवर मात्रा ठरवीत असत. २०२० च्या अमेरिकी मार्गदर्शक सूचनांनुसार आता चोवीस तासांतील एकूण औषधसान्निध्यावर ती ठरवावी असे सांगितले जाते. त्यासाठी रक्त कोणत्या वेळी घेतले हे नेमके नोंदविणे रात्रपाळीच्या वैद्यांच्या हाती असते. वेळ चुकीची लिहिली तर पुढचे सारे गणित चुकते.

४) कानांत आवाज येणे, ऐकू कमी येणे, लघवी कमी होणे याविषयी रुग्णास रोज विचारावे.

टिकोप्लॅनिनचा रेणू रक्तातील प्रथिनांना घट्ट बांधला जातो व शरीरात दीर्घकाळ राहतो. म्हणून आरंभी बारा तासांच्या अंतराने किमान तीन मात्रा देऊन पुढे दिवसातून एकदा देता येते. ते शिरेतून किंवा स्नायूतूनही देता येते, त्यात लाली येण्याचा प्रकार क्वचित आढळतो व वृक्कांना त्रास तुलनेने कमी होतो. मात्र आरंभीच्या मात्रा चुकवल्यास रक्तातील पातळी कित्येक दिवस अपुरी राहते. तसेच रक्तातील बिंबाणू कमी होणे हा त्याचा दुष्परिणाम ध्यानात ठेवावा. मस्तिष्कावरणदाहात ते वापरत नाहीत. या गटातील अलीकडची औषधे म्हणजे २००९ मध्ये अमेरिकेत मान्य झालेले टेलाव्हॅन्सिन व २०१४ मध्ये मान्य झालेली डाल्बाव्हॅन्सिन आणि ओरिटाव्हॅन्सिन. यांना मेदस्नेही शेपूट जोडलेली असते. शेवटची दोन शरीरात इतकी टिकतात, की आठवड्यातून एक मात्रा किंवा एकच मात्रा पुरते. जागतिक आरोग्य संघटनेने ही तिन्ही औषधे राखीव गटात ठेवली आहेत.

रोध कसा निर्माण होतो?

जीवाणूने गवंडी बदलला तरी वॅन्कोमायसिन चालते, हे वर पाहिले. पण जीवाणूने वीटच बदलली तर? १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात इंग्लंड व फ्रान्समध्ये एन्टरोकॉकस या जीवाणूने नेमके हेच केल्याचे आढळले. त्याने शेपटीच्या टोकावरील शेवटचे डी-ॲलॅनिन काढून तेथे डी-लॅक्टेट बसविले. त्यामुळे पाचांपैकी एक बंध तुटतो व औषधाची पकड सुमारे हजारपटीने सैल होते. २००२ मध्ये अमेरिकेतील मिशिगन राज्यात स्टॅफिलोकॉकस ऑरियसनेही हीच जनुके मिळविल्याचे प्रथम दिसले. त्यापूर्वी जपानमधून १९९७ मध्ये दुसराच प्रकार प्रसिद्ध झाला होता : तेथील स्टॅफिलोकॉकसने आपली भित्तिका जाड केली होती व औषध बाहेरच्या थरांतच अडकून पडत होते.

युरोपात कोंबड्या व डुकरांच्या खाद्यात ॲव्होपार्सिन हे याच गटातील औषध वाढीसाठी मिसळत असत. त्यातून रोधी एन्टरोकॉकस पसरत असल्याचे दिसून आल्यावर १९९७ मध्ये युरोपीय संघाने त्यावर बंदी घातली. औषधाचा अकारण वापर कोठेही झाला तरी त्याचे फळ रुग्णाच्या खाटेपर्यंत पोहोचते, याचे हे उदाहरण होय.

प्रयोगशाळेच्या अहवालाविषयी एक सूचना येथे आवश्यक वाटते. स्टॅफिलोकॉकसवर वॅन्कोमायसिन चालते की नाही हे कागदी चकतीच्या पद्धतीने विश्वसनीयपणे कळत नाही. त्यासाठी जीवाणूची वाढ रोखणारी किमान तीव्रता मोजावी लागते. अहवालात ती नमूद नसल्यास प्रयोगशाळेकडे अवश्य विचारणा करावी.

शोधनाचे स्थान

येथे सुश्रुताचार्यांचे विवेचन उपयोगी पडते. व्रणशोथाच्या आम, पच्यमान व पक्व या अवस्था ओळखण्यावर त्यांनी भर दिला आणि पक्व शोथात पाटन व त्यानंतर शोधन-रोपण असा क्रम सांगितला. आधुनिक शास्त्राचा अनुभवही याहून वेगळा नाही. पूने भरलेल्या पोकळीत रक्तपुरवठा नसतो, म्हणून शिरेतून दिलेले औषध तेथे पुरेसे पोहोचत नाही. आणि तेथील जीवाणू संथपणे वाढत असल्याने नव्या विटा फारशा तयारही होत नाहीत. ग्लायकोपेप्टाइडसारखे मोठा रेणू असलेले व मंद गतीने काम करणारे औषध अशा ठिकाणी विशेष दुबळे ठरते.

उदाहरणादाखल, पन्नाशीचा मधुमेही कामगार मानेवरील काळपुळी घेऊन आला, असे समजू. प्रमेहपिडकांचा उपद्रव आपल्या संहितांना सुपरिचित आहे. या रुग्णात प्रथम रक्तशर्करा, ताप, नाडी व रक्तदाब पाहावा. पू झाला असेल तर तो शल्यतज्ज्ञाकडून मोकळा करवून घ्यावा आणि प्रतिजैविक सुरू करण्यापूर्वी पूचा नमुना संवर्धनासाठी पाठवावा. हा एक नमुना पुढील सर्व निर्णयांचा पाया असतो. अहवालात साधा स्टॅफिलोकॉकस निघाल्यास क्लॉक्सॅसिलिन वा सेफॅझोलिन हेच योग्य औषध. एमआरएसए निघाला व संसर्ग पसरला असेल तरच ग्लायकोपेप्टाइडचा विचार. मर्यादित, पू निघून गेलेल्या गळवात पुष्कळदा तोंडावाटे देण्याची अन्य औषधेही पुरतात. पण आपण दोन-तीन वेगवेगळ्या अँटिबायोटिक गोळ्या बदलून पाहिल्या आणि मगच रुग्ण पाठविला, तर नमुन्यात काहीच उगवत नाही आणि रुग्णालयातील तज्ज्ञांना अंदाजाने वॅन्कोमायसिन सुरू करणे भाग पडते.

आपली जबाबदारी

आरंभीच्या प्रश्नाकडे आता येऊ. उरलेली इंजेक्शने आपल्या दवाखान्यात द्यावीत काय? आमचे मत असे :

१) वॅन्कोमायसिन दिवसातून दोन-तीन वेळा, प्रत्येक वेळी तास-दीड तास, रक्ततपासण्यांसह द्यावे लागते. लहान बाह्यरुग्ण दवाखान्यात ते देण्याचे धाडस करू नये. रुग्णास मूळ रुग्णालयाकडे किंवा महापालिकेच्या रुग्णालयाकडे पाठवावे.

२) दिवसातून एकदा द्यावयाचे टिकोप्लॅनिन देता येईल, पण उपचार करणाऱ्या तज्ज्ञांचा लेखी आदेश, निदान, संवर्धनाचा अहवाल, मात्रा, शेवटची तारीख व तपासण्यांचे वेळापत्रक हाती असेल तरच. दवाखान्यात ॲड्रिनॅलिन व प्राणवायू सज्ज असावा.

३) ठरलेली मुदत मध्येच मोडू देऊ नये. स्टॅफिलोकॉकसच्या रक्तसंसर्गात साध्या प्रकारात किमान दोन आठवडे, झडपा वा अस्थी ग्रासल्या असता चार ते आठ आठवडे उपचार लागतात. ताप गेला म्हणून खर्चापायी इंजेक्शन बंद करण्याची इच्छा रुग्णाचे नातेवाईक आपल्यापाशीच प्रथम बोलून दाखवितात. त्या वेळी त्यांना समजावणे, आणि खर्च पेलवत नसेल तर तज्ज्ञांना कळवून पर्याय विचारणे, हे काम आपल्याइतके दुसरे कोणी करू शकत नाही.

४) या काळात वेदनाशामक गोळ्या देऊ नयेत. आपण देत असलेले रसकल्प, भस्मे व अन्य कल्प तज्ज्ञांना मोकळेपणाने कळवावेत व वृक्कांची तपासणी समाधानकारक होईपर्यंत स्थगित ठेवावेत.

५) साध्या तापात, सर्दी-खोकल्यात किंवा एकाच रक्तनमुन्यात त्वचेवरील निरुपद्रवी स्टॅफिलोकॉकस उगवला म्हणून या औषधांचा आग्रह धरू नये व रुग्णासही धरू देऊ नये.

६) प्रत्येक रुग्णास स्पर्श करण्यापूर्वी व केल्यानंतर हात धुवावेत. एमआरएसए मुख्यतः हातांवाटे पसरतो.

पथ्य, रक्तशर्करेचे नियमन, व्रणाची रोजची स्वच्छता आणि रुग्णाचे बल राखणे या गोष्टी आपल्या शास्त्रात मुळातच आहेत. त्यांची जोड मिळाल्यास या औषधाची गरज पडणारे रुग्ण कमी होतील आणि ज्यांना खरोखर गरज आहे, त्यांच्यासाठी ते पुढेही प्रभावी राहील. वैद्यमित्रांनी आपल्या दवाखान्यातील व रुग्णालयातील वापराच्या नोंदी ठेवाव्यात आणि शाखेच्या मासिक सभेत त्यांवर चर्चा करावी, अशी आमची विनंती आहे.